गुणाचं लेकरू

माझी नात दवाखान्यातून घरी आली त्यानंतर दोन दिवस ती रडलीच नाही. त्या दोन दिवसांत मला जशी झोप लागली, तशी गेल्या कित्येक वर्षांत लागली नव्हती. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून मला कुणी फार सोसणारी, फार मायाळू बाई समजायला नको.

मी औशाजवळच्या एका गावात आशाताई म्हणून काम करते. गावात कुणाला दिवस गेले की नाव लिहायचं, गोळ्या द्यायच्या, दिवस भरले की गाडीत घालून लातूरला न्यायचं, आणि लेकरू घरी आलं की ठरलेल्या दिवशी जाऊन त्याला तपासायचं. बारा वर्षं हेच करत आलेय. या बारा वर्षांत गुडघे गेले, केस गेले, आवाज मात्र चढला. गावातल्या सुना मला टरकतात. सासवा तोंडावर चहा विचारतात आणि मागून "आली बया" म्हणतात, मला ते ऐकू येतं.

लहान लेकरांच्या काविळीचं तर मला तोंडपाठ आहे. लेकरू दारात, उजेडात आणायचं. अंगावरचं सगळं काढायचं. कपाळावर, छातीवर, मांडीवर बोट दाबायचं आणि उचलायचं. बोटाखालची कातडी पिवळी दिसली की समजायचं. नुसता चेहरा पिवळा असेल तर पाजत राहायचं आणि लक्ष ठेवायचं. तळहात-तळपाय पिवळे असतील तर कुणाला विचारत बसायचं नाही, गाडी बोलवायची. आणि रंगाच्या आधी त्याचं वागणं बघायचं. दूध ओढतंय का, उठवल्यावर उठतंय का, रडण्यात जोर आहे का. कावीळ चढलेलं लेकरू त्रास देत नाही, ते गप्प होतं. पेंगत राहतं, तोंडात घेतल्या घेतल्या झोपतं. घरच्यांना वाटतं, काय गुणाचं लेकरू आहे! हे मी घरोघरी किती वेळा सांगितलं असेल त्याची गणतीच नाही. हळदीवरून तर मी बायकांना फाडून खायची. लेकराला हळद-पीठ चोळलं की खालचा रंग दिसतच नाही. एका घरी मी हळदीची वाटी उचलून सरळ उकिरड्यावर भिरकावली होती. त्या घरची सून अजून माझ्याशी बोलत नाही.

तर अशी मी. आणि माझी एकुलती एक पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला नांदेडला दिलेली, जावई विष्णुपुरीकडं कामाला. सातव्या महिन्यात ओटी भरून आणली आणि पुढचे दोन महिने मी गावाचं काम, घरचं काम आणि तिचं खाणंपिणं एवढं सगळं सांभाळत होते. माझा नवरा गिरणी चालवतो. तो चांगला माणूस आहे, पण घरात काय चाललंय ते त्याला गिरणी बंद झाल्यावरच कळतं.

लातूरला सरकारी दवाखान्यात पोरगी झाली. सुखरूप झाली. पहिले दोन दिवस तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "मावशी, तुमच्या नातीचा आवाज तुमच्यावर गेला बघा." मी वॉर्डाच्या फरशीवर चादर टाकून तीन दिवस काढले. एक डोळा बाळंतिणीवर, एक लेकरावर. मधेच गावातून फोन, ताई गोळ्या संपल्या, ताई लसीकरणाचं काय. तिसऱ्या दिवशी सकाळपासून लेकरू जरा शांत झालं. मी मनात म्हणाले, सुटले बाई.

सुट्टी देताना सिस्टर कागद हातात देत म्हणाली, "आजी, पाचव्या दिवशी एकदा आणून दाखवून जा. कावीळ वाढतीय का ते बघू." आजी! मला पहिल्यांदाच कुणी आजी म्हणालं होतं. मी लगेच ताठ्यानं म्हणाले, "अहो सिस्टर, मी स्वतः आशा आहे. घरीच बघते की मी." ती हसली. म्हणाली, "मग काय, तुम्हाला काय सांगायचं!" मला भारी वाटलं. खरं कारण वेगळंच होतं. पाचव्या दिवशी घरी पाचवी पुजायची होती, विहीणबाई नांदेडहून येणार होत्या आणि मला पुन्हा लातूरची खेप नको झाली होती.

घरी आलो. बाळंतिणीची खोली म्हणजे आतली खोली. वारं नको म्हणून खिडकीला जाड चादर लावलेली, कोपऱ्यात शेगडी, वर एक पिवळा दिवा. दुसऱ्यांच्या घरी मी पहिल्यांदा खिडकीवरची चादर ओढायची. माझ्या घरी ती मीच लावली. आमच्या गल्लीत लेकरांना आंघोळ घालणारी एक म्हातारी आहे. माझी पोरगीही तिच्याच पायावर न्हालेली. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच येऊन हजर. वाटीत डाळीचं पीठ, दुधावरची साय आणि मूठभर हळद. माझ्या तोंडात शब्द आले होते. पण म्हातारीच्या हातात लेकरू दिलं तर माझी एक आंघोळ वाचत होती, पाठ टेकायला अर्धा तास मिळत होता. मी लेकरू तिच्या पायावर ठेवलं. ती चोळत होती आणि म्हणत होती, "आगं बाई, हूं का चूं न्हाई! लई गुणाचं लेकरू हाय गं तुझं." मी भिंतीला टेकून डोळे मिटले.

आंघोळीत लेकरू रडत नाही, हे कुठं असतं का? दुसऱ्याच्या घरी असते तर ताडकन उठले असते.

त्या दिवशी दुपारी माझा फॉर्म भरायचा होता. नव्या लेकराच्या भेटीचा फॉर्म संध्याकाळपर्यंत आमच्या वरच्या बाईंकडं द्यायचा होता. गावातल्या दुसऱ्या दोन लेकरांचे भरून झाले होते, त्यासाठी उन्हात दोन वस्त्या फिरून आले होते. आपलं तर घरचंच. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती. लेकरू तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं, नुसता नाकाचा शेंडा दिसत होता. मी गुडघ्यावर कागद ठेवून खुणा करत गेले. बाळ सुस्त आहे का? नाही. दूध ओढणं कमी झालंय का? नाही. रडण्याचा आवाज क्षीण आहे का? नाही. कातडी पिवळी आहे का? नाही. काटा पिशवीतून काढलाही नाही, दवाखान्यातल्या कागदावरचंच वजन उतरवलं. थर्मामीटर लावलं नाही आणि आकडा मात्र लिहिला. खाली सही केली.

मग तिथंच उंबऱ्यात आडवी झाले. चार वाजेपर्यंत कुणी उठवलं नाही, ना पोरीनं, ना नातीनं.

दुसऱ्या दिवशी पाचवी. सकाळच्या एसटीनं विहीणबाई आल्या. झबली-टोपडी, खारीक-खोबरं, चांदीचे वाळे, सगळं पिशवीत व्यवस्थित बांधलेलं. बाई शाळेची पायरी न चढलेली, पण चार लेकरं वाढवलेली आणि प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारी. आल्या आल्या चहा पाणचट आहे म्हणाल्या. मग खोलीत धूर लई आहे म्हणाल्या. त्यांचं आणि माझं कधी जमलं नाही, हेही सांगते. त्यांना वाटतं मी नोकरीचा तोरा मिरवते. मला वाटतं, आणि ते खरंही आहे, की मिरवते.

दुपारी बायका जमल्या. पाटा मांडला, वरवंट्याला हळद-कुंकू वाहिलं. सटवाई नशीब लिहायला येते म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवतात, तो पेन मी माझ्या कामाच्या पिशवीतूनच काढून दिला. लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर चाललं होतं. कुणी टोपडं सारखं केलं, कुणी गाल ओढला. बारा-पंधरा बायका एकदम बोलत होत्या, एवढा कलकलाट, आणि ही निजलेली. जी ती म्हणत होती, किती शांत, किती गुणाची, अजिबात किरकिर नाही. मी चहाचे कप धुता धुता ऐकत होते आणि मला अभिमान वाटत होता. कसला अभिमान, देव जाणे.

शेवटी लेकरू विहीणबाईंच्या मांडीवर आलं. त्यांनी थोडा वेळ नुसतं बघितलं. मग मला हाक मारली.

"विहीणबाई, हिला पाजलं कधी?"

"झालं की मघाशी."

"मघाशी म्हंजी कधी?"

मी ओल्या हातानं दारात येऊन उभी राहिले. आतून पोरगीच बोलली, "सकाळपासून नीट ओढलंच नाही तिनं. तोंडात घेती अन् झोपती. मला वाटलं पोट भरलं असंल."

विहीणबाईंनी करंगळी पदराला पुसली आणि लेकराच्या तोंडात घातली. थांबल्या. मग तळपायाला गुदगुल्या केल्या, मग टिचकी मारली. लेकरानं तोंड थोडं वाकडं केलं, एक बारीक आवाज काढला आणि पुन्हा डोळे मिटले.

"हिच्या तोंडात जोर न्हाई," त्या म्हणाल्या.

शेजारची बाई म्हणाली, "आवो, झोपाळू हाय. काही लेकरं असतातच गुणाची."

"असलं गुणाचं नको मला," विहीणबाई म्हणाल्या. "मला रडणारं पायजे."

माझं डोकंच फिरलं. सगळ्या बायकांसमोर! मी म्हणाले, "विहीणबाई, मी बारा वर्षं झाली हेच करत आलेय. गावातलं एकेक लेकरू माझ्या हाताखालून गेलं. मला शिकवू नका." आणि त्यांना खोटं पाडायला, केवळ त्यांना खोटं पाडायला, मी लेकरू त्यांच्या मांडीवरून उचललं आणि अंगणात उन्हात नेलं. खाटेवर ठेवलं. दुपटं सोडलं, झबलं काढलं. अंग पिवळंच होतं, पण ती म्हातारीची हळद. मी फडकं ओलं करून आणलं आणि पुसायला लागले.

छाती पुसली. फडक्यावर हळद आली. कातडी पिवळीच. म्हटलं, नीट निघाली नसेल. परत फडकं पिळून पुसलं. आता फडक्यावर काही आलं नाही. तरी तिसऱ्यांदा पुसलं, जोरात पुसलं, कातडी लाल झाली एवढं पुसलं. बोट दाबून उचललं, खाली पिवळं. पोटावर पिवळं. पाय धरून वर केले. तळपायाला तर म्हातारीनं हळद लावलीच नव्हती. तळपाय पिवळे होते. मग पापणी वर करून बघितली आणि मला पुढं काही बघायचं राहिलं नाही.

मी ओरडले नाही. मला आठवतंय, मी अगदी हळू म्हणाले, "गाडी बघा कुणीतरी." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, त्यांना काही कळेना. विहीणबाईंना कळलं. त्या उठल्या, सुनेच्या अंगावर शाल टाकली, तिच्या कानाला रुमाल बांधला आणि म्हणाल्या, "चल बाई." शेजारच्या किराणा दुकानदारानं गिऱ्हाईक तसंच सोडून आपली गाडी काढली.

औशावरून लातूर किती लांब आहे? रोजचा रस्ता आहे माझा. त्या दिवशी संपेना. मी सगळा वेळ लेकराच्या पायाला टिचक्या मारत होते. दहा टिचक्यांना एकदा रडायची, आणि ते रडणं तिचं नव्हतं. बारीक, चिरकं, कुठून तरी लांबून आल्यासारखं. पोरगी विचारत होती, "आई, काय झालं? आई, सांग ना." मी म्हणाले, "काही नाही, कावीळ आहे, लाइटखाली ठेवतात, होतं बरं." आवाज तोच ठेवला, जो मी दुसऱ्यांच्या सुनांसाठी ठेवते. ती माझ्याकडं विश्वासानं बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, माझ्या पोरीहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिनं रक्त घ्यायला सांगितलं आणि तपासता तपासता विचारत गेली. कधीपासून सुस्त आहे? शेवटची शी कधी झाली, कोणत्या रंगाची? रडणं कधी बदललं? अंग ताठ करते का, मान मागं टाकते का? त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला धड देता येईना. यातले निम्मे प्रश्न माझ्या फॉर्मवर होते.

"घरी कुणी तपासलं होतं का?" तिनं विचारलं.

पोरगी म्हणाली, "हो. माझी आई आशाताई आहे ना. कालच तपासलं."

डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. मी होय म्हणून मान हलवली. कशासाठी हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. आईचा रक्तगट वेगळा, लेकराचा वेगळा, त्यामुळं कावीळ झपाट्यानं चढली होती. डॉक्टरीण पोरीला समजावून सांगत होती, मी शेजारी शाळेतल्या पोरीसारखी उभी. रक्तातला पिवळा पदार्थ वाढला की लेकराला गुंगी येते. गुंगी आली की ते ओढत नाही. ओढलं नाही की शी होत नाही, आणि शी झाली नाही की तो पदार्थ बाहेर पडत नाही, आणखी चढतो. फार चढला तर मेंदूला लागतो. "आत्ता लाइट लावतोय. सकाळपर्यंत उतरलं नाही तर रक्त बदलावं लागेल." मग म्हणाली, "जिवाला धोका आत्ता तरी वाटत नाही. पण कानाचं मी आज सांगू शकत नाही. काविळीचा पहिला मार कधी कधी कानावर बसतो."

कान! मला हातपाय माहीत होते, डोकं माहीत होतं. कानाचं आमच्या शिकवणीत सांगितलं असेल, मी पेंगत असेन.

निळ्या उजेडाखाली उघडीनागडी, डोळ्यांवर पट्टी, हातापायाच्या काड्या. दर दोन तासांनी तिला उठवायचं, पोरीनं पाजायचं, नाही ओढलं तर दूध काढून चमच्यानं घालायचं. उठवायचं म्हणजे काय, तळपाय चोळायचे, ओल्या कापसानं तोंड पुसायचं, पाठीवर थापट्या मारायच्या. पोरगी रडायची, "आई, नको गं मारू तिला." विहीणबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. एवढी भांडखोर बाई, पण एकदाही म्हणाली नाही की बघा, मी म्हणत होते. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला कुणीतरी चांगलं झापायला हवं होतं.

सकाळी पुन्हा रक्त घेतलं. थोडं उतरलं होतं. दुपारी आणखी उतरलं, रक्त बदलायची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी मी बाहेर नळावर तोंड धूत होते तर आतून रडणं ऐकू आलं. भसाडं, रागावलेलं, भुकेलेलं. मी तशीच ओल्या तोंडानं पळत गेले. पट्टी वाकडी झालेली, मुठी आवळलेल्या, आणि ही बया किंचाळत होती. सिस्टर हसत होती. विहीणबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "आता कसं!"

घरी सोडताना डॉक्टरीण म्हणाली, तीन महिन्यांनी कानाची तपासणी करून घ्या, नांदेडला होते. तोपर्यंत काही सांगता येणार नाही.

ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. लेकरू आता दिवसभर रडायचं आणि रात्रीही रडायचं. माझी झोप गेली ती गेलीच. पण झोपेपेक्षा ते कान. सव्वा महिन्यानंतर पोरगी नांदेडला गेली, तोवर मी लेकराच्या मागं उभी राहून टाळ्या वाजवायची. एकदा मुद्दाम ताट पाडलं. ती दचकली. आनंद झाला. दुसऱ्या दिवशी परत पाडलं, ती दचकली नाही, छताकडं बघत राहिली. मग मी दिवसभर ताटं पाडत बसले. नवरा गिरणीवरून आला आणि म्हणाला, "येड लागलं का काय तुला?" त्या फॉर्मचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गावात भेटींना जायची, लेकरं उन्हात आणायची, दोन-दोनदा तपासायची. बायका म्हणायच्या, ताई आता लईच बारीक बघायल्या. बघत होते, पण ज्या लेकराला बघायचं होतं ते नांदेडला होतं.

पोरगी फोनवर सगळं बोलायची, जेवणखाण, लसी, सासूबाईंचं. कानाचं एक अक्षर बोलायची नाही. मला वाटायचं तिला सगळं कळलंय आणि ती मला मनातून काढून टाकतीय.

तपासणीच्या दिवशी मी सकाळी निघाले. लातूरहून नांदेडची एसटी, अहमदपूर, लोहा, पाय सुजेपर्यंत बसले. दवाखान्याच्या दारात पोरगी उभी होती, लेकरू खांद्यावर. लेकरू छान गुबगुबीत झालेलं, डोळे टक्क उघडे. कानाची तपासणी करणारी मुलगी म्हणाली, "झोपलेलं लागतं बाळ. डोक्याला वायर लावायच्या आहेत, हललं तर रिपोर्ट येत नाही. सकाळपासून झोपू दिलं नाही ना?" पोरगी म्हणाली, "नाही." "मग आता झोपवा."

पोरीनं पाजलं. नात झोपेना. पोरगी तिला घेऊन फेऱ्या मारून दमली आणि माझ्या हातात दिली. "आई, तू बघ."

मी तिला मांडीवर घेतलं. थोपटायला लागले आणि माझा हातच चालेना. एवढी लेकरं थोपटली आयुष्यात, माझ्या हातानं झोपत नाही असं लेकरू नाही. पण तिचे डोळे जड व्हायला लागले की मी थोपटायचं थांबायची. मी थांबले की ती टक्क जागी. असं दोनदा झालं, तीनदा झालं. ती मुलगी दारातून डोकावून म्हणाली, "आजी, झोपवा ना, बाहेर लोक थांबलेत." मग मी दात-ओठ खाऊन थोपटत राहिले. शिवा, महादेवा, म्हणत राहिले. तिचं तोंड उघडं पडलं, हात लुळा झाला. झोपली. मी नाकाशी बोट धरलं. पोरगी म्हणाली, "आई, श्वास चालू आहे तिचा. सोड." तेव्हा सोडलं.

वायरी लावल्या. छोट्या कानात छोटी नळी. ती मुलगी पडद्याकडं बघत होती, रेघा हलत होत्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी त्या मुलीच्या तोंडाकडंच बघत होते. तिनं डावा कान केला, मग उजवा, मग परत डावा. परत डावा का? पोरीनं माझं मनगट धरलं होतं, एवढं घट्ट की बांगडी रुतली.

"दोन्ही कान चांगले आहेत," ती मुलगी म्हणाली. "सहा महिन्यांनी एकदा परत करू, पण काळजीचं नाही."

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. पोरगी चहा घेऊन आली. मी कप हातात धरला आणि रडायला लागले. लोक बघत होते, बघू दे. रडणं थांबल्यावर मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मरेपर्यंत सांगणार नाही.

"मी त्या दिवशी तिला बघितलंच नव्हतं गं," मी म्हणाले. "दुपटंसुद्धा सोडलं नव्हतं. उंबऱ्यात बसून फॉर्म भरला, खोटा. डॉक्टरीणबाईसमोर पण खोटंच वागले."

पोरगी लेकराच्या टोपड्याची नाडी बांधत होती. बांधून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"मी जागीच होते. भिंतीकडं तोंड होतं, पण जागी होते. तू आत आलीच नाहीस, हे कळत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. चढायला नको होता, पण चढला. "एक शब्द बोलली असतीस तर मी उठवलं नसतं का तिला?"

"म्हणूनच नाही बोलले," ती म्हणाली. "तू तिला उठवलं असतंस. ती उठली असती तर मला पाजावं लागलं असतं. दुखत होतं गं लई. मला नुसतं झोपायचं होतं, आई."

तीन महिने ती हे एकटीच घेऊन बसली होती, आणि मी समजत होते की ती माझ्यावर रागावलीय. मी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात लेकरू तिच्या मांडीवर जागं झालं आणि रडायला लागलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच हात पुढं केले.